पावसातला आयर्टन सेन्ना: त्याच्याकडून नेमके काय घ्यावे?

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

सर्वांना नमस्कार. मोटार शर्यतींविषयी जाणकारीने लिहिणारी बरीच मंडळी येथे आहेत, म्हणून घरचा एक प्रश्न मांडतो.

माझा भाचा १९ वर्षांचा असून तो रोज मोटारसायकलने परशुराम घाट ओलांडून लोट्याला कामाला जातो. मागच्या वर्षी त्याने एका रंगाऱ्याकडून आपले हेल्मेट पिवळे रंगवून घेतले आणि त्यावर हिरवा व निळा पट्टा ओढून घेतला. हे फॉर्म्युला वन या मोटार शर्यतींतला चालक आयर्टन सेन्ना याचे हेल्मेट आहे, हे मला त्याच्याकडूनच कळले. दोन आठवड्यांपूर्वी भर पावसात घाटातल्या एका वळणावर, डोंगरातून वाहून आलेल्या तांबड्या चिखलावरून त्याची गाडी घसरली. मनगटावर निभावले, पण त्याला पाहायला गेलो तेव्हा प्लास्टर चढवलेला हात मांडीवर घेऊन तो मला सांगत होता की सेन्नाला पाऊस कधीच अडवत नसे, उलट इतर लोक वेग कमी करत तेव्हाच तो पुढे निघून जाई.

मी त्याच्यावर रागावलो नाही. सेन्ना गेला त्या वर्षी मी शाळेत होतो आणि वर्तमानपत्रातली ती बातमी मला पुसटशी आठवते, यापलीकडे मला त्याच्याविषयी फारशी माहिती नाही. ज्याच्यावर पोराचा एवढा जीव आहे त्या माणसाला मोडीत काढून काही साधणार नाही, असे मला वाटते. म्हणून विचारतो: पावसात त्याला जे साधत असे ते नेमके काय होते? आणि तो जाऊन इतकी वर्षे झाली तरी त्याचे नाव एवढ्या आदराने का घेतले जाते?

गिअरबॉक्स, कुडाळ

दादा, आपण प्रश्न फार चांगला विचारला आहे. माझा स्वतःचा व्यवसाय गाड्या दुरुस्तीचा आहे आणि सेन्नाच्या शर्यती मी गेली २० वर्षे पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

सेन्नाचा जन्म २१ मार्च १९६० रोजी ब्राझीलमधील साओ पाउलो येथे झाला. तो चार वर्षांचा असताना वडिलांनी गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन बसवून त्याला एक कार्ट, म्हणजे शर्यतीची लहानशी उघडी गाडी, बनवून दिली आणि तेराव्या वर्षी तो कार्टच्या शर्यतींत उतरला. आपल्या भाच्याला ऐकवण्यासारखी गोष्ट इथेच आहे. पोरवयात पावसातल्या एका शर्यतीत त्याची पार दैना उडाली होती आणि इतर मुले त्याच्या डाव्या-उजव्या बाजूने सरळ निघून गेली होती. त्यानंतर पाऊस सुरू झाला की बाकीचे आडोशाला जात आणि हा आपली कार्ट बाहेर काढून त्या ओल्या मार्गावर एकटाच फेऱ्या मारत राही. ज्याला लोक पुढे दैवी देणगी म्हणू लागले, तिची सुरुवात अशी एका पराभवातून झाली होती.

पावसात तो काय करत असे, हे समजून घेण्यासाठी आधी रस्ता समजून घ्यावा लागतो. कोरड्या हवेत सगळ्या गाड्या वळणावर एकाच रेषेवरून जातात आणि त्या रेषेवर टायरचे रबर घासून घासून बसते. कोरडे असेपर्यंत त्या रबरावर उत्तम पकड मिळते, पण पाणी पडले की तोच पट्टा सर्वांत निसरडा होतो, अगदी आपल्या पुलांवरच्या लोखंडी सांध्यासारखा किंवा रस्त्यावर रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यासारखा. सेन्ना पावसात ती ठरलेली रेषा सोडून बाहेरच्या खडबडीत भागावर पकड शोधत जाई आणि प्रत्येक फेरीत पाणी कुठे वाढले, कुठे ओसरले याची नोंद ठेवत असे. दुसरी गोष्ट त्याच्या उजव्या पायाची. वळणात बहुतेक चालक ऍक्सिलरेटर एकदाच सावकाश दाबत नेतात, पण हा तो अगदी थोडा थोडा, भराभर दाबत-सोडत असे. त्या काळच्या टर्बो इंजिनाचा दम टिकून राहावा हा त्यामागे एक हेतू होताच, पण मागची चाके किती सोसतील हेही त्याला त्या प्रत्येक दाबाबरोबर कळत असे. म्हणजे वेगाने जाता जाताच तो रस्त्याची सतत चाचणी घेत असे. यात बेफिकिरीला कुठेच जागा नव्हती.

३ जून १९८४ ची मोनाकोची शर्यत अवश्य पाहावी. सेन्नाचे ते फॉर्म्युला वनमधले पहिलेच वर्ष होते, गाडी टोलमन या लहान संघाची होती आणि तो तेराव्या क्रमांकावरून निघाला होता. मुसळधार पावसात एकेक गाडी मागे टाकत तो दुसऱ्या क्रमांकावर आला आणि आघाडीवरच्या अलँ प्रॉस्टला गाठणार, एवढ्यात पावसामुळे शर्यत थांबवण्यात आली. निकाल ३१ व्या फेरीचा धरला गेला आणि प्रॉस्ट जिंकला. शर्यत अर्धवट राहिल्याने सर्वांना निम्मेच गुण मिळाले, त्यामुळे प्रॉस्टच्या पदरी ९ ऐवजी ४.५ गुण पडले आणि त्या वर्षीचे विश्वविजेतेपद त्याने निकी लाउडासमोर अवघ्या अर्ध्या गुणाने गमावले. शर्यत पूर्ण होऊन तो त्या दिवशी दुसरा आला असता, तरी त्याला ६ गुण मिळून तो विजेता झाला असता.

पुढच्याच वर्षी, २१ एप्रिल १९८५ रोजी पोर्तुगालमधील एश्तोरिल येथे सेन्नाने लोटस संघाच्या काळ्या-सोनेरी गाडीत पहिला विजय मिळवला. तिथेही धो धो पाऊस होता. दुसरा आलेला मिकेले अल्बोरेटो एका मिनिटाहून अधिक मागे राहिला आणि तिसऱ्या क्रमांकापासून पुढच्या सगळ्यांवर त्याने एक पूर्ण फेरी चढवली. लोक त्याच्या नियंत्रणाचे गोडवे गाऊ लागले, तेव्हा त्याने स्वतःच सांगितले की एकदा त्याची चारही चाके गवतावर गेली होती, गाडी पूर्णपणे हाताबाहेर होती आणि ती परत मार्गावर आली हे निव्वळ नशीब. भाचा हे मान्य करणार नाही कदाचित, पण हे सेन्नाचेच म्हणणे आहे.

१९९३ च्या डॉनिंग्टनच्या शर्यतीत ओल्या मार्गावर पहिल्याच फेरीत त्याने पाचव्या क्रमांकावरून आघाडी घेतली, त्या फेरीची चित्रफीत आज सगळीकडे फिरते. तरीही तो स्वतः एश्तोरिललाच अधिक मान देत असे, कारण १९९३ च्या गाडीत चाके घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा होती आणि १९८५ मध्ये मदतीला फक्त हातपाय होते.

घाटरस्ता, देवरुख

मी एस.टी.मध्ये ३१ वर्षे चालक होतो. फॉर्म्युला वनचे मला काही कळत नाही, पण माझ्या मुलाने सेन्नाच्या काही शर्यती मला दाखवल्या आहेत आणि कुडाळच्या गृहस्थांनी पायाविषयी जे लिहिले आहे ते वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही.

घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा आम्हाला दिलेला पहिला धडा. दुसरा धडा मृगाच्या पावसाचा. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेले तेल आणि बसलेली धूळ पहिल्या सरीत वर येते, म्हणून पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वांत वाईट. चार दिवस झड लागली की रस्ता धुऊन निघतो आणि उलट बरा लागतो. पण जिथे दरड कोसळलेली आहे किंवा काम चालू आहे तिथे प्रत्येक सरीबरोबर नवा चिखल येतो, आणि आपल्या भाच्याचा घात तिथेच झाला. पंधरा दिवसांपूर्वीचा रस्ता आणि आजचा रस्ता एकच आहे असे घाटात कधीही धरून चालू नये.

मला सेन्नाची आवडलेली शर्यत १९९१ ची, त्याच्याच गावची, इंटरलागोसची. घरच्या लोकांसमोर तो तोवर एकदाही जिंकला नव्हता. शेवटच्या टप्प्यात त्याचे गिअर एकामागून एक जाऊ लागले आणि अखेरीस फक्त सहावा उरला. हळू वळणावर सहाव्या गिअरमध्ये इंजिन बंद पडू न देता गाडी काढणे म्हणजे काय, हे मी जाणतो; एकदा माझ्या गाडीचा गिअर आंबा घाटात अडकला होता आणि ३५ प्रवासी घेऊन मी ती साखरप्यापर्यंत कशी आणली ते मलाच ठाऊक. शेवटी पाऊसही आला. तरी तो रिकार्दो पात्रेसेच्या सुमारे तीन सेकंद आधी पोहोचला. शर्यत संपल्यावर त्याला गाडीतून स्वतःहून उतरताही येईना, खांदे आणि हात आखडून गेले होते आणि करंडक डोक्यावर उचलतानाचा त्याचा चेहरा पाहवत नाही. माझ्या मुलाला त्या चित्रात विजय दिसतो, मला मात्र त्याचे हात दिसतात.

निळीशार, मालवण

मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि माझ्या वर्गातल्या मुलांच्या तोंडीही सेन्नाचे नाव असते, म्हणून एक बाजू स्पष्टपणे मांडणे मला आवश्यक वाटते.

समोर फट दिसत असूनही जो तिच्यात शिरत नाही तो रेसिंग ड्रायव्हर उरत नाही, अशा अर्थाचे त्याचे एक वाक्य मुले स्टेटसला ठेवतात. ते वाक्य तो कधी बोलला हे मात्र त्यांना माहीत नसते. १९८९ मध्ये जपानमधील सुझुका येथे त्याची आणि प्रॉस्टची टक्कर झाली, सेन्ना त्यातून सावरून शर्यत जिंकला, पण नंतर त्याला बाद ठरवण्यात आले आणि विजेतेपद प्रॉस्टकडे गेले. पुढच्या वर्षी त्याच सुझुकामध्ये सर्वांत पुढे उभे राहण्याचा मान सेन्नाने मिळवला, परंतु ती जागा मार्गाच्या निसरड्या बाजूला होती आणि ती बदलून देण्याची त्याची मागणी मान्य झाली नाही. त्याच्या मनात अन्यायाची भावना इतकी खोल गेली होती की पहिल्याच वळणावर त्याने प्रॉस्टच्या गाडीवर आपली गाडी घातली. दोघेही बाहेर गेले आणि विजेतेपद सेन्नाचे झाले. काही दिवसांनी माजी विश्वविजेते जॅकी स्टुअर्ट यांनी मुलाखतीत त्याला या टकरींविषयी टोकले, तेव्हा फटीचे ते वाक्य आले. एका वर्षानंतर मात्र आपण ते जाणूनबुजून केले होते, हे त्याने स्वतः सांगितले. ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेगात दुसऱ्याच्या गाडीवर गाडी घालणे हा गुन्हाच होता, असे माझे मत आहे आणि त्याच्यावर कितीही प्रेम असले तरी ते मत मी बदलणार नाही.

परंतु याच माणसाने ऑगस्ट १९९२ मध्ये बेल्जियममधील स्पा येथे काय केले, हेही मी मुलांना तितक्याच आग्रहाने सांगते. सरावाच्या वेळी एरिक कोमासची गाडी आदळून मार्गावर आडवी पडली होती, तो बेशुद्ध होता आणि त्याचा पाय ऍक्सिलरेटरवर तसाच दाबलेला राहिल्याने इंजिन किंचाळत होते. सेन्नाने आपली गाडी थांबवली, समोरून येणाऱ्या गाड्यांची पर्वा न करता तो धावत गेला, आधी इंजिन बंद केले आणि मदत येईपर्यंत त्याने कोमासचे डोके हाताने धरून ठेवले. त्याच्या दोन वर्षे आधी स्पेनमधील हेरेझमध्ये मार्टिन डॉनेलीचा भयंकर अपघात झाला होता, तेव्हाही तो त्या जागी जाऊन उभा राहिला होता.

त्याच्या मागे राहिलेली जी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते ती शर्यतीच्या मैदानावरची नाही. ब्राझीलमधल्या गरीब मुलांसाठी काहीतरी उभे करावे, असे तो बहिणीशी, विवियानशी, बोलला होता. तो गेल्यावर त्याच वर्षी तिने आयर्टन सेन्ना इन्स्टिट्यूट स्थापन केली आणि त्याच्या नावाच्या व प्रतिमेच्या हक्कांतून येणारे उत्पन्न शिक्षणाच्या कामाकडे वळवले. सरकारी शाळांतील मुले आणि शिक्षक यांच्यासाठी ती संस्था आजही काम करते. तिच्या कामात प्रॉस्टनेही साथ दिली, हे मला विशेष वाटते.

जाता जाता एक लिहिते. तो पोर्तुगीज बोलणारा माणूस होता, ज्या भाषेतून आपली चावी आणि आपला बटाटा आला, आणि आपल्या बागांतला काजूही मुळात त्याच्याच ब्राझीलमधला. त्यामुळे इतका दूरचा माणूस मुलांना परका वाटत नाही, याचे मला नवल वाटत नाही.

गिअरबॉक्स, कुडाळ

बाईंचे सुझुकाविषयीचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. दादांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून राहिले आहे, ते इमोलाचे.

१९९४ च्या एप्रिलअखेरीस इटलीतल्या इमोला येथे शुक्रवारी रुबेन्स बारिकेलोची गाडी हवेत उडून कुंपणावर आदळली, तो सुदैवाने वाचला. शनिवारी, ३० एप्रिलला, ऑस्ट्रियाचा रोलंड राटझेनबर्गर पात्रता फेरीत गाडीचा पुढचा पंख (गाडी जमिनीला दाबून धरणारी पट्टी) तुटून भिंतीवर आदळला आणि मरण पावला. १९८२ नंतर शर्यतीच्या दिवसांत झालेला तो पहिला मृत्यू होता. मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. सिड वॉटकिन्स हे सेन्नाचे जवळचे मित्र. हे सगळे सोडून दे, आपण दोघे मासे धरायला जाऊ, असे त्यांनी त्याला त्या दिवशी सांगितले. तो थांबला नाही. पण रविवारी सकाळी त्याने इतर चालकांशी बोलून, बंद पडलेली चालकांची संघटना सुरक्षिततेसाठी पुन्हा उभी करण्याचा विषय काढला.

१ मे रोजी शर्यत सुरू होताच मागे दोन गाड्यांची टक्कर झाली आणि सगळ्यांना काही फेऱ्या सेफ्टी कारच्या मागे संथ जावे लागले. वेग कमी पडला की टायर थंड होतात, त्यांतला दाब उतरतो आणि गाडीचा तळ जमिनीला अधिक टेकू लागतो. शर्यत पुन्हा सुरू झाली आणि सातव्या फेरीत टाम्बुरेलो या वळणावर सेन्नाची विल्यम्स संघाची गाडी सरळ जाऊन भिंतीवर आदळली. चाक गाडीला जोडणाऱ्या सस्पेन्शनचा तुकडा हेल्मेट भेदून गेला. स्टिअरिंगचा दांडा आधी तुटला की नंतर, यावर इटलीच्या न्यायालयात वर्षानुवर्षे खटला चालला आणि शेवटी शिक्षा कोणालाही झाली नाही. त्याच्या गाडीत गुंडाळलेला ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. जिंकल्यावर तो राटझेनबर्गरसाठी फडकवणार होता.

१९८९ मध्ये त्याच वळणावर गेरहार्ड बर्गरची गाडी पेटली होती. पुढे सेन्ना आणि बर्गर दोघे तिथे चालत गेले आणि ही भिंत मागे का घेता येत नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले. भिंतीमागे लगेच सान्तेर्नो नदी होती. करण्यासारखे काही नाही, असे म्हणून दोघे परतले. घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असलेल्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. परंतु तो गेल्यावर पुढच्याच वर्षी टाम्बुरेलोचा आकार बदलला, तिथे वेग कमी करायला लावणारी वळणे आली. म्हणजे भिंत हलत नव्हती तरी रस्ता हलवता येत होता. सर्व चालकांनी पाठपुरावा केल्यावर जे शक्य झाले ते आधी अशक्य म्हणून सोडून दिले गेले होते, याचे मला आजही वाईट वाटते.

चालकांची संघटना मे १९९४ मध्येच मोनाकोला पुन्हा उभी राहिली. डॉ. वॉटकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली गेली. पिटमधल्या (शर्यतीत गाड्या टायर बदलायला थांबतात त्या जागेतल्या) वेगावर मर्यादा आली, १९९५ पासून इंजिन ३.५ लिटरवरून ३ लिटरवर आणले गेले, १९९६ मध्ये चालकाच्या डोक्याभोवतीच्या कडा उंच झाल्या, २००३ मध्ये मान सांभाळणारे हॅन्स हे साधन आणि २०१८ मध्ये डोक्यावरची हेलो चौकट सक्तीची झाली. इमोलानंतर २० वर्षे फॉर्म्युला वनच्या शर्यतीत एकाही चालकाचा जीव गेला नाही. २०१४ मध्ये सुझुकाच्या पावसात ज्यूल बियांकी जखमी झाला आणि २०१५ मध्ये तो गेला.

१६१ शर्यती, ४१ विजय, ६५ वेळा पोल पोझिशन (सर्वांत पुढून सुरुवात), १९८८, १९९० आणि १९९१ ची तीन विश्वविजेतेपदे, मोनाकोत सहा विजय. हे आकडे भाच्याला पाठ असतीलच. २०१० मध्ये आपला करुण चंढोक आणि सेन्नाचा सख्खा भाचा ब्रुनो एचआरटी या एकाच संघातून धावत होते, हे त्याला माहीत नसेल तर जरूर सांगा.

वाशिष्ठीकाठ, चिपळूण

आपण सर्वांनी एवढे मनापासून लिहिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. काल संध्याकाळी हा सगळा धागा मी भाच्याला मोठ्याने वाचून दाखवला. एश्तोरिलच्या गवताची गोष्ट आली तेव्हा त्याने मला थांबवले आणि ते पुन्हा वाचायला लावले. सुझुकाच्या भागावर तो काही बोलला नाही. नंतर आम्ही दोघे खाली जाऊन त्याची गाडी नीट पाहिली. मागच्या टायरच्या खाचा इतक्या झिजल्या होत्या की त्यांत नख जेमतेम टेकत होते आणि उरलेल्या जागेत वाळलेला तांबडा चिखल घट्ट बसला होता. एवढ्या टायरला पाणी बाजूला सारणे शक्यच नव्हते, हे त्याचे त्यानेच मला सांगितले. प्लास्टर निघायला अजून तीन आठवडे आहेत, तेवढ्यात नवा टायर बसवून घेतो. हेल्मेटवर मात्र आपटल्याची खूण आहे, ते बदलावे का?

घाटरस्ता, देवरुख

हेल्मेट बदलाच. एकदा आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतला थर दबलेला असतो आणि दुसऱ्या वेळी तो मार सोसत नाही. नव्यावर पुन्हा पिवळा रंग द्यायचा असेल तर आधी दुकानदाराला विचारा, काही रंगांतले रसायन कवच कमकुवत करते. आणि नव्या टायरची हवा सकाळी गाडी काढण्यापूर्वी, टायर थंड असतानाच तपासायला त्याला सांगा. पहिले काही दिवस नवा टायरही गुळगुळीत असतो, तेव्हा घाटात जपून.